भिंतीतला आवाज आणि हातातली कळ
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बांधलेल्या काही घरांत छताकडे पाहिलं, की दिव्यांच्या शेजारी एखादी गोल, पांढरी, बारीक भोकांची जाळी दिसते. ती जाळी म्हणजे छतात बसवलेला स्पीकर. घर बांधताना मालकाने हौसेने बसवून घेतलेला असतो. चार खोल्यांत आठ जाळ्या, भिंतीच्या आतून गेलेल्या तारा आणि त्या साऱ्या तारा एका कपाटात येऊन थांबलेल्या. कपाटातलं यंत्र बंद पडलेलं असतं, नाहीतर आधीच्या मालकाने उचलून नेलेलं असतं. मग नवा मालक विचारतो, याचं आता करायचं काय?

प्रश्न आजचा वाटतो, पण त्याची मुळं बरीच जुनी आहेत. एका ठिकाणचा आवाज तारेवरून अनेक खोल्यांत पोचवण्याचा उद्योग माणसाने रेडिओ केंद्रं सुरू होण्याच्या चाळीस वर्षं आधी आरंभला. त्या उद्योगाचा इतिहास चाळताना दोन प्रश्न मला पुन्हा पुन्हा भेटत गेले. आवाज पाठवणारा कोण? आणि तो कमी-जास्त करण्याची, बंद करण्याची कळ कोणाच्या हाती? आज या दोन प्रश्नांचं बोट धरून तो इतिहास आपल्यापुढे मांडतो.

सुरुवात पॅरिसची. १८८१ साली तिथे विजेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. क्लेमां आदेर या फ्रेंच अभियंत्याने पॅरिसच्या ऑपेरागृहात रंगमंचाच्या पुढच्या कडेला टेलिफोनचे प्रेषक बसवले आणि तारा थेट प्रदर्शनाच्या इमारतीपर्यंत नेल्या. तिथे लोक दोन कानांना दोन कर्णे लावून उभे राहत आणि दूरवर चाललेलं गाणं ऐकत. डाव्या कानाची तार रंगमंचाच्या एका बाजूची, उजव्याची दुसऱ्या बाजूची. गायक चालत इकडून तिकडे गेला, की ऐकणाऱ्याला ते कळे. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो, तो लोकांनी पहिल्यांदा ऐकला तो असा.

यातूनच १८९० मध्ये ‘तेआत्रोफोन’ नावाची कंपनी निघाली. हॉटेलांत आणि कॅफेंत तिची पेटी असे. पन्नास सांतीमचं नाणं टाकलं, की पाच मिनिटं नाटक किंवा संगीत कानावर. वर्गणीदारांना ते घरबसल्या मिळे. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त हे असेच एक वर्गणीदार. प्रकृती नाजूक, घराबाहेर पडणं कठीण. त्यांनी १९११ साली द्यबुसीचा ऑपेरा घरातून या तारेवर ऐकला. ही सेवा १९३२ पर्यंत टिकली.

बुडापेस्ट शहराने त्याच्या पुढची पायरी गाठली. तिवादार पुश्काश हा एडिसनकडे काम केलेला हंगेरियन माणूस. त्याने १५ फेब्रुवारी १८९३ रोजी ‘टेलिफोन हीरमोंदो’ म्हणजे टेलिफोनवरचा वार्ताहर सुरू केला. सकाळपासून रात्रीपर्यंत ठरलेला कार्यक्रम: बातम्या, बाजारभाव, संसदेतली भाषणं, व्याख्यानं, संध्याकाळी ऑपेरा. वर्गणीदारांची संख्या सहा हजारांच्या आसपास गेली. नभोवाणीचं वेळापत्रक म्हणून आपण जे ओळखतो, त्याचा नमुना इथे तयार झाला. सेवा सुरू झाल्यावर महिनाभरात पुश्काश वारला. त्याची तार मात्र दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली तुटेपर्यंत बोलत राहिली.

या साऱ्या सेवांची एक अडचण होती. आवाज मोठा करण्याचं साधन नव्हतं. निवेदकाने खणखणीत बोलायचं आणि श्रोत्याने कर्णा कानाला घट्ट लावायचा. ही अडचण किती मोठी होती, हे अमेरिकेत थॅडियस केहिल याच्या ‘टेलहार्मोनियम’ या वाद्यावरून कळतं. विजेच्या जनित्रांतून सूर निर्माण करायचे आणि ते टेलिफोनच्या तारांवरून शहरभर वाटायचे, ही त्याची कल्पना. मधे आवाज वाढवता येत नाही म्हटल्यावर सगळी शक्ती उगमापाशीच हवी. त्यामुळे १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये उभारलेल्या त्याच्या यंत्राचं वजन सुमारे दोनशे टन होतं! हॉटेलांत, उपाहारगृहांत त्याचं संगीत ऐकू येई. पण शेजारच्या तारांवरून बोलणाऱ्यांच्या कानातही ते शिरे. टेलिफोनवर कामाचं बोलत असताना मधेच सूर लागला, तर कोणाला आवडेल? टेलिफोनवाल्यांच्या तक्रारी वाढल्या आणि काही वर्षांत तो व्यवसाय बुडाला.

गंमत अशी, की त्याच १९०६ साली ली द फॉरेस्ट याने तीन अग्रांची निर्वात नळी बनवली. तिचा उपयोग क्षीण विद्युत्संदेश मोठा करण्यासाठी होतो, हे पुढच्या पाच-सहा वर्षांत स्पष्ट झालं. मग १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकमधल्या राइस आणि केलॉग या दोघांनी कागदी शंकू आणि तारेचं वेटोळं असलेल्या स्पीकरचं तंत्र मांडलं. चुंबकाच्या फटीत वेटोळं, त्याला चिकटलेला शंकू. विजेचा प्रवाह जसा बदलेल तसा शंकू पुढे-मागे हलतो आणि हवेला ढकलतो. श्रोतेहो, आज तुमच्या छतातल्या जाळीमागे जे आहे, ते मुळात हेच आहे. कागदाच्या जागी प्लास्टिक आलं असेल, चुंबक हलका झाला असेल. तत्त्व तेच राहिलं. शंभर वर्षांत जी यंत्रं फारशी जुनी झाली नाहीत, त्यांत स्पीकरचा नंबर वरचा लागेल.

आवाज मोठा करता येऊ लागला आणि कर्णा कानावरून भिंतीवर गेला. इथून आपला दुसरा प्रश्न गंभीर होतो. कर्णा हातात असताना ऐकायचं नसेल तर तो खाली ठेवता येई. भिंतीवरचा आवाज खाली ठेवता येत नाही.

सोव्हिएत रशियात १९२० च्या दशकापासून घरोघर तारेचा रेडिओ पोचू लागला. काळ्या कागदी ताटलीसारखा स्पीकर स्वयंपाकघराच्या किंवा सामायिक खोलीच्या भिंतीवर टांगलेला असे. त्याला केंद्र बदलण्याची सोयच नव्हती. केंद्रातून जे येईल ते ऐकायचं. हातात फार तर आवाज कमी करण्याची कळ. गरीब घराला परवडणारी, देखभाल न लागणारी ही सोय होती, हे खरं. राज्यकर्त्यांना दुसरा आवाज नको होता, हेही तितकंच खरं. जर्मनीने हल्ला केला, तेव्हा जून १९४१ मध्ये नागरिकांना आपापले रेडिओ संच सरकारजमा करण्याचा हुकूम निघाला. भिंतीवरची ताटली तेवढी उरली.

आणि तरीही याच ताटलीची दुसरी बाजू सांगितली नाही, तर तो अन्याय होईल. सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४ लेनिनग्राड शहर वेढ्यात होतं. कार्यक्रम नसेल तेव्हा स्पीकरमधून मेट्रोनोमचे ठोके येत. संथ ठोके म्हणजे आकाश मोकळं आहे. जलद ठोके म्हणजे बॉम्बफेकी विमानं येताहेत. भुकेने खंगलेली माणसं अंधाऱ्या खोल्यांत ते ठोके ऐकत पडून असत. ठोके चालू आहेत, म्हणजे शहर जिवंत आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी शोस्ताकोविचची सातवी सिंफनी त्या शहरात वाजली, तीही या स्पीकरांवरून सर्वांनी ऐकली. तेव्हा त्या भिंतीवरच्या आवाजाला केवळ जुलूम म्हणून मोकळं होता येत नाही.

हॉलंडचा अनुभव असाच सांगण्याजोगा आहे. तिथेही तारेवरून रेडिओ देणाऱ्या सेवा होत्या. जर्मनांनी देश व्यापला आणि मे १९४३ मध्ये लोकांचे रेडिओ संच जप्त करायचं ठरवलं, कारण लोक चोरून लंडन ऐकत. तारेची सेवा मात्र चालू ठेवली. त्या तारेवर काय सोडायचं, हे सत्ताधाऱ्यांच्या हातात होतं.

अमेरिकेत तारेचा मालक सरकार नव्हतं, बाजार होता. सैन्याच्या सिग्नल विभागाचा निवृत्त प्रमुख जॉर्ज स्क्वायर याने तारांवरून संगीत वाटण्याची पद्धत शोधली होती. कोडॅक हे नाव त्याला फार आवडे. म्हणून म्युझिक आणि कोडॅक मिळून ‘म्युझॅक’ असं नाव त्याने १९३४ साली दिलं. पहिले ग्राहक क्लीव्हलंड शहरातली घरं होती. विजेच्या तारेवरूनच गाणी येत आणि महिन्याच्या बिलात त्यांचा आकार लागे. पण रेडिओ फुकट मिळत असताना गाण्यांसाठी दरमहा पैसे कोण देणार? म्युझॅक न्यूयॉर्कच्या हॉटेलांकडे आणि मग कारखाने, दुकानं, लिफ्टकडे वळलं. तिथे ऐकणारा आणि पैसे देणारा वेगळा असतो. कळ पैसे देणाऱ्याच्या हाती गेली, आणि ऐकणाऱ्याला विचारण्याचं कारण उरलं नाही.

आपल्या मुलखात घरोघरी अशा तारा पसरल्या नाहीत. आपल्याकडे तार होती ती सभेची. मुंबईच्या मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ कंपनीचे ध्वनिक्षेपक १९३० च्या दशकात काँग्रेसच्या सभांना लागत. गांधीजींच्या कितीतरी छायाचित्रांत माइकवर ते नाव दिसतं. घरच्या श्रवणाचं म्हणाल, तर चाळीत एका बिऱ्हाडात संच आणि ऐकणारा सगळा मजला, ही आपली रीत. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने दीडशे गावांत एक प्रयोग केला. गावातल्या निवडक मंडळींनी एका संचाभोवती बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची दखल घेतली जाई. आवाज एकीकडूनच येत होता, पण ऐकणाऱ्याचं म्हणणं परत जायला वाट होती. माझ्या मते त्या प्रयोगाचं मोल इथे आहे.

आता आपण पुन्हा घरात येऊ. युद्धानंतर अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांत खोलीखोलीत बोलण्याची आणि रेडिओ ऐकण्याची एकत्र व्यवस्था भिंतीत बसू लागली. १९८० च्या दशकात दिसेल-न दिसेल असे भिंतीतले स्पीकर बाजारात आले. बिल गेट्स यांनी १९९५ च्या आपल्या पुस्तकात होऊ घातलेल्या घराचं वर्णन केलं होतं: पाहुण्याच्या कपड्याला एक बिल्ला लावायचा, आणि तो या खोलीतून त्या खोलीत गेला की त्याच्या आवडीचं संगीत त्याच्यामागून जाईल. तेव्हा ते अतिश्रीमंताचं स्वप्न होतं.

ते मध्यमवर्गाच्या आटोक्यात आणलं संगणकाच्या जाळ्याने. इथे एक बारीक अडचण होती. हवेत आवाज एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद घेतो. त्यामुळे दोन स्पीकरांच्या आवाजात थोडाफार फरक कानाला चालतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली दाखवलं, की सुमारे तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या आत आलेले दोन आवाज कान एकच मानतो. त्यापलीकडे गेलं, की प्रतिध्वनी. तारेवर हा प्रश्न नव्हता; एकच प्रवाह सगळ्या स्पीकरांत एकदम जाई. बिनतारी जाळ्यात मात्र प्रत्येक खोलीतलं यंत्र स्वतंत्र, त्याचं घड्याळ स्वतंत्र. मग युक्ती अशी काढली, की गाण्याच्या प्रत्येक तुकड्यावर तो कधी वाजवायचा ती वेळ लिहायची आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं सतत जुळवत राहायची.

कॅलिफोर्नियात २००२ साली निघालेल्या सोनॉस कंपनीने असं पहिलं यंत्र २००५ मध्ये विकायला आणलं. त्यात अ‍ॅम्प्लिफायर आतच होता; घरात आधीच बसवलेल्या स्पीकरांच्या तारा मागे जोडायच्या, की काम झालं. जुनी जाळी नव्या युगाला जोडण्याचा तो सोपा मार्ग होता. पुढे जानेवारी २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं, की मे महिन्यापासून या जुन्या यंत्रांना नवं सॉफ्टवेअर मिळणार नाही. ग्राहक इतके चिडले, की कंपनीच्या प्रमुखाला माफीचं पत्र लिहावं लागलं. जानेवारी २०२२ मध्ये पेटंटच्या भांडणात अमेरिकेच्या व्यापार आयोगाने गूगलविरुद्ध निकाल दिला, आणि सगळ्या स्पीकरांचा आवाज एकदम कमी-जास्त करण्याची सोय लोकांच्या घरांतल्या गूगलच्या यंत्रांतून काढून घेतली गेली. मे २०२४ मध्ये सोनॉसने मोबाइलवरचं अ‍ॅप बदललं आणि गजर लावण्यासारख्या साध्या सोयी काही काळ नाहीशा झाल्या. या तिन्ही प्रसंगी कोणाच्या घरातला स्पीकर बिघडला नव्हता, तार तुटली नव्हती. कळ घराबाहेर गेली होती, एवढंच.

हे सगळं मला नीट उमगलं ते एका स्नेह्यांच्या घरी. त्यांनी निवृत्तीनंतर पुण्याजवळ एक जुना बंगला घेतला. छतात दहा जाळ्या, कपाटाच्या माळ्यावर तारांचं भेंडोळं, यंत्र गायब. दुकानदाराने सल्ला दिला, जुनं सगळं काढा, बिनतारी स्पीकर घ्या. मला अशा उचापतींची आवड, म्हणून त्यांनी मला बोलावलं. आम्ही एक इलेक्ट्रिशियन घेतला आणि एकेक जोडी तपासली. पद्धत सोपी आहे. तारेच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावायचा. आठ ओहमचा स्पीकर साधारण सहा-सात ओहम दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर तार तुटलेली. मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा. ज्या खोलीत खर्रकन आवाज येईल, ती त्या तारेची खोली. चिकटपट्टीवर नाव लिहून तारेला लावायचं. दहापैकी नऊ स्पीकर ठणठणीत निघाले.

दुसरी गोष्ट भाराची. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की चार ओहम होतात, चार जोडले की दोन. बहुतेक साध्या अ‍ॅम्प्लिफायरना चारच्या खालचा भार झेपत नाही; ते तापतात, बंद पडतात. म्हणून मधे भार जुळवणाऱ्या कळा किंवा स्पीकर सिलेक्टर लागतो. सगळ्या खोल्यांत एकच गाणं हवं असेल तर एक अ‍ॅम्प्लिफायर पुरतो. खोलीगणिक वेगळं हवं असेल, तर अनेक विभागांचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, नाहीतर दर जोडीला एक छोटा.

हे हिशेब चालू असताना स्नेह्यांच्या आई, वय शहाऐंशी, दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना सगळे माई म्हणतात. मुलाने उत्साहाने सांगितलं, “माई, आता मोबाइलवरून तुझ्या खोलीत अभंग लावता येतील.”

माई म्हणाल्या, “लावा की. सुरू कोणीही करू दे रे. पण बंद मला करता आलं पाहिजे.”

त्यांना मोबाइल चालवता येत नाही. त्यांच्या पलंगाशेजारी तार पट्टीतून खाली आणून आम्ही पंख्याच्या रेग्युलेटरसारखी गोल कळ बसवली. घरात इंटरनेट असो वा नसो, ती फिरवली की खोली शांत.

श्रोतेहो, सव्वाशे-दीडशे वर्षांच्या या इतिहासाकडे पाहिलं, तर त्यात टिकाऊ काय आणि नाशवंत काय, हे सहज वेगळं करता येतं. तांब्याची तार आणि शंकूचा स्पीकर दीर्घायुषी असतात. त्यांना आवाज पुरवणारी व्यवस्था अल्पायुषी असते, मग ती वर्गणीची असो, सरकारची असो वा अ‍ॅपची. तेव्हा भिंतीत जे आहे ते तपासल्याशिवाय उखडू नये. आवाज पुरवणारं यंत्र मात्र असं निवडावं, की उद्या ते बदललं तरी भिंतीला हात लावावा लागणार नाही. साधा अ‍ॅम्प्लिफायर, त्याला जोडलेली स्वस्त, सुटी पेटी. पेटी कालबाह्य झाली तर तेवढीच काढायची. आणि खोलीत हाताने फिरवायची एक कळ ठेवावीच, घरातल्या लहानात लहान आणि थोरात थोर माणसाचा हात पोचेल अशा उंचीवर.